चार बोटांचा उंबरा

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी तर बांधलंही नव्हतं. बारामतीत दुसऱ्या कुणी वीस-बावीस वर्षं वापरलेलं घर विकत घेऊन नुसतं दुरुस्त करत होते, तरी माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. शाळेत एवढी वर्षं शिकवलं, पण त्या पाच महिन्यांत जेवढी ओरडले तेवढी सातवीच्या वर्गावरही कधी ओरडले नसेन.

नवरा वालचंदनगरला नोकरीला होता. आमचा सगळा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये झाला. खिळा ठोकायचा तरी दुसऱ्याच्या भिंतीत, ही सवय होऊन गेली होती. त्याची निवृत्ती आली, क्वार्टर सोडायची तारीख ठरली आणि आम्ही बारामतीतलं हे बसकं, एकमजली घर घेतलं. एकमजली घेतलं ते आईसाठी. आई तीन वर्षांपासून आमच्याकडे होती. तिच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून डावा पाय ओढत वॉकर धरून चालायची. क्वार्टरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला एकदा तिचं पाऊल अडकलं आणि ती तोंडावर पडली. मनगट मोडलं. तिचं प्लास्टर निघायच्या आधीच मी ठरवून टाकलं होतं की नव्या घरात एकसुद्धा उंबरा ठेवायचा नाही. फाटकापासून न्हाणीघरापर्यंत जमीन सलग पाहिजे. बाकी घर कसंही होवो.

हे मी सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याला, इंजिनिअरला, गवंड्याला, फरशीवाल्याला, शेजारणीला. जेवताना सांगितलं, फोनवर सांगितलं, आई समोर खाटेवर बसलेली असताना सांगितलं.

पहिली अडचण पुढच्या तीन पायऱ्यांची. त्या काढून तिथं उतार करायचा आणि न्हाणीघर दीड फूट बाहेर वाढवायचं, एवढंच काम. पण त्याला परवाना लागतो म्हणाले. वालचंदनगरहून एसटीनं आले आणि नगरपालिकेच्या कचेरीच्या खिडकीशी उभी राहिले.

"कशाचा परवाना?" आतल्या गृहस्थांनी विचारलं.

"उताराचा."

"उतारा जोडलाय का?"

"जोडलाय. पण परवाना उताराचा पाहिजे."

"बाई, उताऱ्याला परवाना लागत नाही. अर्ज केला की उतारा मिळतो."

"अहो, उतारा नाही, उतार! पायऱ्या काढून उतार करायचाय."

"मग उतारा कशाला जोडलाय?"

"तुमच्याच यादीत लिहिलंय म्हणून!"

मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "रॅम्प म्हना की, मॅडम!" सगळी रांग हसली. मी मराठीची शिक्षिका, आणि बारामतीत उभं राहून माझं मराठी कुणाला कळेना. निमूटपणे रॅम्प म्हणाले. मग त्यांनी नकाशा उलगडला, तर त्यात पायऱ्या जशाच्या तशा. आमच्या इंजिनिअरनं आपला तयार नकाशा काढून नुसतं वरचं नाव बदललं होतं. तो नकाशा त्यानं बदलला तेव्हा सही राहिली. सही घेतली तेव्हा सुट्टी लागली. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात; आमचं अडीच महिन्यांत झालं, म्हणजे आम्ही नशीबवानच म्हणायचे. पण क्वार्टर सोडायची तारीख काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

मग फरशी. एमआयडीसीच्या रस्त्याला फरशीचं एक मोठं दुकान आहे, तिथं गेलो. दुकानदारानं सगळ्यात आधी एक पांढरीशुभ्र, पाण्यासारखी चमकणारी टाईल समोर धरली. "मॅडम, चेहरा दिसतो हिच्यात."

"चेहरा बघायला आरसा आहे माझ्याकडे. पाय घसरणार नाही अशी दाखवा."

नवरा त्या चकचकीत टाईलवरून हात फिरवत बसला होता. त्याच्या एका मित्राकडे अशीच होती. दुकानदारानं आणखी चार दाखवल्या, एकीपेक्षा एक गुळगुळीत. शेवटी मी चप्पल काढली, कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी एका टाईलवर ओतलं आणि वर उभी राहिले. तिथंच घसरले. दुकानदारानं धरलं म्हणून बरं.

"असली नको, एवढंच म्हणतेय मी!"

तेव्हा तो मागं गेला आणि एक राखाडी, खरखरीत टाईल घेऊन आला. जरा खालच्या आवाजात म्हणाला, "ही घसरत न्हाय. पण मॅडम, ही पार्किंगची हाय. हॉलमधी कुनी लावत न्हाय ही."

"आम्ही लावतो."

नवरा गाडीत जाऊन बसला. मग एवढंच म्हणाला, "सासूबाईंसाठी चालेल. पण लोक आल्यावर मी सांगणार, गाडी आत लावतो म्हणून." त्याच्या चेष्टेवर मी हसले नाही. मला तेव्हा कशावरच हसू येत नव्हतं.

गवंडी होते कऱ्हाटीचे. वय साठीच्या पुढं, हात सोन्यासारखा, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. एकदा ओळंबा धरला की भिंत इकडची तिकडं होणार नाही. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "तात्या, एकही उंबरा नको."

"व्हय."

"न्हाणीघरालासुद्धा नको. जमीन खाली घ्यायची नाही. ढाळ जाळीकडे काढा."

"पानी भाईर यील, ताई."

"येऊ दे. मी पुसेन. उंबरा नको."

"व्हय."

आमच्याकडे 'व्हय' म्हणजे होकार असतोच असं नाही. तुमचं बोलणं कानावर पडलं, एवढाच बरेचदा त्याचा अर्थ. मी इंदापूर तालुक्यात वाढलेली बाई, मला हे कळायला हवं होतं. न्हाणीघराला त्यांनी खरंच उंबरा घातला नाही. ढाळ असा सुरेख काढला की तांब्याभर पाणी ओतलं तर थेंबही दाराकडे येईना. स्वयंपाकघर सलग, खोल्या सलग. पुढचा उतारही झाला, बाजूला धरायला पाइप. माझा जीव जरा भांड्यात पडला.

शेवटचे चार दिवस मी क्वार्टरमधलं सामान बांधायला वालचंदनगरला थांबले. मधल्या एका दिवशी आई म्हणाली, मला घर तरी बघू दे. नवरा तिला गाडीतून घेऊन गेला, अंगणात खुर्ची टाकून तासभर बसवलं आणि परत आणलं. मला बरंच वाटलं. तेवढ्या वेळात माझी भांडी बांधून झाली.

पाचव्या दिवशी मी घर बघायला आले आणि फाटकातच थबकले. उताराच्या वरच्या टोकाला, पुढच्या दाराच्या चौकटीत, काळ्या दगडाचा घडीव उंबरा. घासून गुळगुळीत केलेला. वर हळदीकुंकू.

"तात्या!"

तात्या घरातून हात पुसत आले. चेहऱ्यावर असं समाधान, की माझा राग आणखीच चढला. जे तोंडाला येईल ते मी बोलले. पालथ्या घड्यावर पाणी, बहिऱ्याला सांगितलं असतं तर बरं, पाच महिने मी भिंतींशी बोलत होते काय, सगळं. तात्यांनी ऐकून घेतलं.

"चार बोटंच हाय, ताई," ते म्हणाले, आणि खाली वाकून बोटं आडवी लावून दाखवली. "आन् म्या न्हाय मनानं घातला. आक्कानं सांगितलं. म्हनल्या, लेकीला कळू दिऊ नगा, न्हायतर ती घालू दियाची न्हाय."

"काढा तो."

"बसवलेला उंबरा म्या उखडत न्हाय. दुसरा गवंडी बघा."

दुसरा गवंडी कुठून आणू? परवा सामान यायचं होतं. मी तशीच एसटीत बसले. सगळ्या वाटेनं मनातल्या मनात भांडत गेले. आई खाटेवर वाती वळत होती.

"उंबरा का घालायला लावलास?"

"बिगरउंबऱ्याचं घर असतंय व्हय? ती काय पेंडीची वखार हाय?"

"तुझ्यासाठीच नको म्हणत होते ना मी!"

"त्येच तर. लोक म्हनतील, जावयाच्या घराचा उंबरा सासूनं खाल्ला."

"कोण लोक?"

"असत्यात लोक." तिनं पुढची वात घेतली. "तुला न्हाय कळायचं."

मला इतका राग आला की मी उठून उरलेलं सामान आदळआपट करत बांधत बसले. आयुष्यात प्रथमच आपलं घर होत होतं. त्यात मी एकच गोष्ट मागितली होती, तीही स्वतःसाठी नाही. आणि तीच नेमकी जिच्यासाठी मागितली तिनं मोडली. लोकांचं काय, लोक पार्किंगच्या टाईलला हसणारच होते, आणखी उंबरा नाही म्हणूनही हसले असते.

राहायला आलो ते सकाळी. गाडी फाटकाशी लावली. आईला आम्ही दोघांनी बखोटीला धरून उतरवलं आणि वॉकर हातात दिला. मी धरायला गेले तर तिनं हात झटकला. "सोड मला."

ती निघाली. अंगणातल्या खरखरीत टाईलवर वॉकर जरासुद्धा सरकत नव्हता. उताराशी आल्यावर तिनं एका हातानं पाइप धरला, पुढचा वॉकर नवऱ्यानं धरला, आणि पाय ओढत ओढत, थांबत थांबत, ती वर गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्या खांद्याशिवाय चढली. मला ओरडावंसं वाटलं, बघा, म्हणून मी पाच महिने घसा फोडत होते!

दाराशी ती थांबली. वॉकर आत ठेवायला लावला. चौकट धरली. उजवा पाय सहज आत गेला. मग तिनं डावा उचलायला घेतला. पावलाचं पुढचं टोक दगडाला लागलं आणि मागं आलं. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून घेतले, ओठ दाबून धरले, गळ्याची शीर फुगली. पाऊल तेवढंच वर आलं आणि दगडाला टेकून राहिलं.

मी पुढं झाले. तेवढ्यात ती चौकटीला धरून वळली आणि उंबऱ्यावर बसली.

लहानपणी आम्ही उंबऱ्यावर टेकलो तरी तिचा धपाटा बसायचा पाठीत. उंबऱ्यावर बसायचं नाही, उंबऱ्यावर शिंकायचं नाही, उंबऱ्यातून हातात काही द्यायचं नाही. ती बाई नव्या घराच्या, हळदीकुंकू लावलेल्या उंबऱ्यावर बसली होती आणि आपल्या डाव्या पायाकडे बघत होती.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाय." मग म्हणाली, "ती दवाखान्यातली, पायाचा व्यायाम शिकवनारी बाई म्हनलीवती, रोज केलं तर उचलंल. म्या रोज केलं. तुमी भाईर गेल्यावर करायची, खाटेला धरून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं हुतं, नव्या घरात येस्तवर उचलंल. म्हनून घालाया सांगितला."

लोकबिक काही नव्हतंच. मी तिच्याशेजारी, बाहेरच्या बाजूला, उतारावर खाली बसले. माझी मलाच लाज वाटली. पाच महिने मी ज्याला-त्याला सांगत होते, एकही उंबरा नको. म्हणजे काय सांगत होते? हिचा पाय उचलत नाही, उचलणार नाही, आता असंच. इंजिनिअरला सांगितलं, फरशीवाल्याला सांगितलं, तिच्यादेखत सांगितलं. एकदाही तिला विचारलं नाही की आई, तुला कसं पाहिजे घर. विचारलं असतं तर तिनंही सांगितलं नसतं म्हणा. आमच्याकडे सगळ्यांनाच तोंड आहे, पण नको तिथं उघडतं.

"काढून टाक हा," ती म्हणाली. "चुकलं माझं."

मी तिचा पाय दोन्ही हातांत धरला, उचलला आणि आत ठेवला. नवऱ्यानं तिला उठवलं. घर बघून ती म्हणाली, फरशी बरी हाय, जरा काळपट हाय एवढंच.

संध्याकाळी तात्या आले. हातात छिन्नी-हातोडा. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. उंबरा उखडत नाही म्हणणारा माणूस मान खाली घालून उभा होता. "आक्काला न्हाय जमलं म्हनं. काढून देतो, ताई. दगूड परत घिऊन जातो."

आई आत खुर्चीवर होती. टीव्ही चालू होता, पण तिचं लक्ष आमच्याकडे होतं.

"राहू द्या," मी म्हणाले.

"आवो, पर तुमीच तर..."

"राहू द्या म्हटलं ना, तात्या! एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?"

तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आत बघितलं. "व्हय," म्हणाले आणि हातोडा पिशवीत टाकला.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की आई दाराशी येते. चौकट धरते. मी मागं उभी राहते. पाय उचल म्हणून मी तिच्यावर ओरडते, ओरडू नकोस म्हणून ती माझ्यावर ओरडते. पलीकडची शेजारीण पहिल्या आठवड्यात घाबरून विचारायला आली होती, काय झालं म्हणून. पाऊल किती वर आलं ते मी खाली बसून बोटं लावून बघते, तात्यांनी दाखवलं तसं. नाही जमलं की पाय मी उचलून ठेवते आणि ती बाहेर जाऊन बसते.

आज दोन बोटं आलं. उंबरा चार बोटांचा आहे.