स्वरदाच्या तीन जळक्या ओळी

आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत कविता म्हटली की स्वरदा. गणपती असो, कुणाची साठी असो, "स्वरदा, चार ओळी खरड गं!" पोरगी अंधेरीच्या ऑफिसातून मरगळून येते, पण तारीफ झाली की मान अशी ताठ, जणू लिफ्ट हिच्याच नावावर.

मग सातव्या मजल्यावरच्या मानसीनं, हिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, लिफ्टशेजारच्या बोर्डावर एक लांबलचक कविता लावली. वरून खाली वाचली की भांडण, ओळी खालून वर वाचत गेलात की समेट! झालं. येणारा-जाणारा बोर्डापुढे उभा, सगळी पोरं तसलंच लिहायला बसली. आणि स्वरदाच्या सख्ख्या आईनं फोटो काढून स्टेटसला ठेवला.

तेव्हापासून स्वरदा बाईसाहेब जिन्यानं.

"काय गं, लिफ्ट चावते?" मी विचारलं.

"व्यायाम आहे, मावशी."

"मग तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

रविवारी आली ती माझ्यापुढे कागद आपटत. "मलापण येतं म्हटलं. वाच!"

ती माझ्याहून छान लिहिते
असं म्हणूच नका
मी तिच्यावर जळते

"मधली ओळ वरच्या-खालच्या दोन्ही ओळींना लागते," ती म्हणाली. "म्हणजे दोन्ही खोटं."

मला हसू आवरेना. "अगं येडे, वरून वाच. ती छान लिहिते म्हणू नका, मी जळते! आता खालून. मी जळते म्हणू नका, ती छान लिहिते! कुठूनही ये, एक कबुली आहेच."

पोरगी कानापर्यंत लाल. कागद फाडणार, तोच मी हिसकावला. "थांब. झकास आहे हे. तिचं मारुतीचं शेपूट, तुझ्या तीनच ओळी."

"तिच्यापेक्षा भारी?"

"भारी. पण लावलंस तर अख्खी बिल्डिंग म्हणणार, स्वरदा जळते."

नख कुरतडत बसली. मग हळूच, "आणि मानसी?"

"ती? ती पण जळेल."

"मावशी, टाचणी आहे का गं?"

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले, तर मानसी बोर्डापुढे. वरून वाचलं, खालून वाचलं. पुन्हा वरून. एरवी खिदळणारी पोर, दातसुद्धा दिसेना.

"तीनच ओळी?" ती पुटपुटली.

तेवढ्यात स्वरदा आली, लिफ्ट उघडून उभी राहिली. "येतेस ना गं?"

"नको," मानसी म्हणाली. "व्यायाम आहे."

आणि सात मजले चढायला लागली.