मेस्त्रीणबाईंचा पाय

ब्रेकमधली हवा काढायला माणसं दोन लागतात, एक गाडीत आणि एक चाकापाशी. गाडीतल्याने पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि खालच्याने चाकामागचं छोटं निपल, म्हणजे तेल सोडायची तोटी, पान्याने सैल करायचं. तेलाबरोबर आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली की निपल आवळायचं, मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर गेलेली हवा परत आत शिरते. म्हणजे दोघांचं सूत जमलेलं हवं. मेस्त्री आणि मेस्त्रीणबाईंचं ते लग्नानंतर पहिल्याच वर्षी जमलं. घरात कशावरून वाजलं, अबोला धरला, तरी गॅरेजात "दाब" आणि "धरलाय" एवढे शब्द चालू असत.

गॅरेज घराच्या पुढच्या अंगाला होतं, मधे फक्त एक दार. हाताखालचा माणूस पळाला तेव्हा मेस्त्रींनी अडचणीला म्हणून बायकोला हाक मारली होती. त्या कणकेचे हात पुसत आल्या, चपला काढून गाडीत बसल्या आणि त्या दिवसापासून ती जागा त्यांची झाली. पाय अनवाणीच हवा, हा त्यांचा हट्ट. गाडी चालवायला त्या कधीच शिकल्या नाहीत. कुणी छेडलं तर म्हणत, "चालवायला हे आहेत की. थांबवायला कुणीतरी नको का?"

हळूहळू त्यांच्या पायाला गॅरेजात मान आला. बुडबुडे थांबले, गिऱ्हाईक निघायची घाई करू लागलं, तरी मेस्त्री म्हणायचे, थांबा, तिला बघू द्या. त्या एकदा दाबत, डोळे किंचित मिटत आणि "आहे अजून" किंवा "झालं" एवढंच सांगून पुन्हा भाजी चिरायला जात. त्यांचं "झालं" कधी खोटं पडलं नाही.

पण साखरेच्या दुखण्याने तोच पाय धरला. एकदा बाजारातून येताना एका पायातली चप्पल निसटली आणि त्यांना पत्ताच नाही. शेजारीण मागून ती हातात घेऊन धावत आली. डॉक्टरांनी ठोकल्यावर थरथरणारा एक लोखंडी काटा पायाच्या अंगठ्याला टेकवून विचारलं, थरथर कळतेय का? मेस्त्रीणबाई पायाऐवजी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होत्या. काटा ठोकायच्या आधीच त्या "हो" म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. तळव्यांची जाणीव बहुतेक गेली आहे, असं त्यांनी मेस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं.

त्यानंतरही मेस्त्री हवा काढायला बायकोलाच हाक मारत. फक्त त्या आत गेल्या की इकडेतिकडे बघून स्वतः गाडीत बसत आणि चोरासारखा एकदा ब्रेक दाबून बघत.

त्यांची मुलगी डोंगरावरच्या हॉस्पिटलात नर्स होती. रोज उताराचा, वळणावळणाचा रस्ता. गाडी जुनी घेतलेली, त्यातही सगळ्यात खालचं मॉडेल. एका संध्याकाळी उतरताना पुढच्या चाकांतून जळका वास आला आणि ब्रेक पायाखाली ढिला पडू लागला. ती कशीबशी कडेला थांबली आणि चाकं निवेपर्यंत दगडावर बसून राहिली. हे तिने हसत हसत सांगितलं. मेस्त्रींना हसू आलं नाही. त्यांनी ओळखीच्या सगळ्या भंगारवाल्यांकडे शब्द टाकला. शेवटी एकाकडे तीच गाडी, त्याच सालची, पण टॉप मॉडेल मिळाली. मागून ठोकलेली, पुढून धडधाकट. मागचे ब्रेक दोन्ही मॉडेलांना सारखेच होते. फरक पुढच्यांत होता. मेस्त्रींनी पुढच्या डिस्क, त्यांना चिमटा घेणारे कॅलिपर आणि पेडलमागचा, तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर उतरवून आणला. मोठी डिस्क लहान चाकात मावत नाही, म्हणून चाकंही आणली.

जमिनीवर जुनी चादर अंथरून त्यांनी गॅरेजात पडून असलेला खालच्या मॉडेलचा एक संच काढून मांडला आणि शेजारी वरच्या मॉडेलचे भाग. मग ते उकिडवे बसले ते उठेचनात. जुनी डिस्क म्हणजे एक सपाट तवा. नवी म्हणजे दोन तवे, मधे बारीक बारीक भिंती आणि त्यांच्यामधून हवा खेळायला वाट. मेस्त्रींनी ती उजेडात धरली. आरपार आभाळ दिसलं. आयुष्यभर अशा डिस्क हाताळल्या होत्या, पण आपल्या पोरीच्या गाडीसाठी म्हणून आज पहिल्यांदाच तिच्यातून पलीकडे पाहिलं. मग त्यांनी बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजलं. जुन्याचं आणि नव्याचं तंतोतंत एक. खालचं मॉडेल घेणाऱ्याला उद्या वरचा ब्रेक लावता यावा, म्हणून कारखान्यातल्या कुठल्याशा टेबलाशी बसलेल्या अनोळखी माणसाने जणू दार लोटून ठेवलं होतं, कडी न लावता. मेस्त्रींच्या अंगावर काटा आला. त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं.

मेस्त्रीणबाई वाकून बघत म्हणाल्या, "एका आईची दोन लेकरं. एकाला दूध जरा जास्त मिळालंय."

एका रविवारी दुपारी मुलगी गाडी घेऊन आली. संध्याकाळी तिला ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. मेस्त्रींनी सगळं धुऊन, आतली रबरं बदलून, नवे पॅड घालून बसवलं. रबरी पाइपाला जरा पीळ पडत होता. टॉप मॉडेलचा नखरा, असं म्हणून त्यांनी तो सोडून दिला. मग मेस्त्रीणबाई चपला काढून गाडीत बसल्या. निपलला लावून बाटलीत सोडलेल्या नळीतून आधी बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल.

"आहे अजून," त्या म्हणाल्या.

पुन्हा हवा काढली. एकही बुडबुडा नाही.

"आहे."

तेलाचा नवा डबा फोडला. सगळ्या चाकांना फेरी झाली. नळीत काचेसारखं नितळ तेल, आणि वरून तेच उत्तर. मेस्त्रींनी समजावलं की कॅलिपर मोठे, सिलिंडर मोठा, पेडल वेगळं लागणारच. तुझ्या पायाला जुन्याची सवय. मुलीने स्वतः बसून दाबून पाहिलं आणि आधीपेक्षा कितीतरी बरं आहे म्हणाली. मेस्त्रींनीही, आज उघडपणे, बसून पाहिलं. त्यांना ठीक वाटलं. जरासं मऊ, पण ठीक. आता इतकंच ठरवायचं होतं: हवा ब्रेकमध्ये राहिली आहे, की जाणीव पायातून गेली आहे. चुकलं तर त्या उतारावर पोरगी असणार होती.  मेस्त्रींची नजर बायकोच्या पावलांवर गेली, आणि मेस्त्रीणबाईंनी ती पकडली.

"पायाकडे काय बघताय?" मेस्त्रीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तळव्याला कळत नाही, माहीत आहे मला. डॉक्टरांना हो म्हटलं ते तुमचं तोंड बघवेना म्हणून. पण मी तळव्याने कधी बघितलंच नाही. मला इथं कळतं." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "ब्रेक संपतो तिथं भिंत लागते. आत्ता भिंतीला कुणीतरी उशी लावून ठेवलीय."

मुलीने घड्याळाकडे बघितलं. मेस्त्री क्षणभर पाना हातात घोळवत उभे राहिले आणि मग पुन्हा जॅक लावायला वाकले.

चाक काढून ते आडवे झाले. सवयीने निपलकडे हात नेला आणि तो तिथेच थबकला. हात इतका सहज कसा पोहोचला? पुढचं निपल म्हणजे कायम हात वर घालून, मनगट वाकवून चाचपायची गोष्ट. आज ते खालीच, हाताशी होतं. ते पलीकडच्या चाकापाशी गेले. तिथेही तसंच. मग त्यांना उमगलं आणि ते तसेच पाठीवर पडून राहिले.

डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता, उजवा डावीकडे. भोकं दोन्हीकडे जुळत होती, म्हणून मुकाट बसलेही. निपल गेलं होतं तळाला. हवा तर वर जाते, ती वरच्या कोपऱ्यात मजेत बसून राहिली आणि खालून नुसतं तेल निघत राहिलं. डबेच्या डबे ओतले असते तरी ती हलली नसती. चादरीवर जुन्याशी नवं ताडून बघताना, नव्याशी नवं, डाव्याशी उजवं ताडून बघायचं राहून गेलं होतं.

मेस्त्रींनी ते गाडीखालूनच दोघींना सांगितलं. मेस्त्रीणबाई "बरं" म्हणाल्या आणि बसल्या जागी पदराने घाम पुसला. बोलून दाखवायला एवढी चांगली संधी होती, पण त्यांनी तिला हात लावला नाही.

कॅलिपर अदलाबदल करून बसवले. पाइपाचा पीळही आपोआप सुटला. या खेपेला निपल सैल करताच नळीत आधी एक लांबलचक पोकळी सरकत आली, मग वाटाण्याएवढे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग काही नाही. मेस्त्रीणबाईंनी पुन्हा दाबलं. डोळे किंचित मिटले.

"लागली भिंत," त्या म्हणाल्या. आणि मग, "मी आत गेल्यावर चोरून दाबता ते आताच दाबून घ्या. पोरीसमोर."

मुलगी खो खो हसली. मेस्त्री कानापर्यंत लाल झाले. नको म्हणाले, आज गरज नाही. त्या उतरल्या. पेडलच्या काळ्या रबरावर काहीतरी ओलं चमकत होतं.  मास्टर सिलिंडर गळतोय की काय? बोट लावून मेस्त्रींनी नाकाशी नेलं. तेलाचा वास नव्हता. बोट लाल झालं होतं.

त्यांनी बायकोला स्टुलावर बसवलं, स्वतः जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला. तळव्यात गंज घासायच्या ब्रशच्या तारेचा एक तुकडा रुतला होता, चांगला खोल. त्याच पायाने त्या दुपारभर ब्रेक दाबत होत्या. मेस्त्रींनी चिमट्याने तो ओढून काढला. मेस्त्रीणबाईंना काही कळलं नाही. त्या मुलीला विचारत होत्या, वर थंडी पडली का, स्वेटर नेलास का.

मुलगी नर्स होती. तिने जखम धुतली, पट्टी बांधली आणि रोज पाय तपासत नाही म्हणून दोघांना हॉस्पिटलच्या आवाजात झापलं. मग गाडी बाहेर काढली आणि समोरच्या उतारावर वेग घेऊन एकदा ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली घातलं आणि जागच्या जागी उभी राहिली. तिने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

मेस्त्रीणबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. चादरीला डाग पडले, आता हे निघायचे नाहीत, असं त्या म्हणत होत्या. मेस्त्री एकदा उताराकडे बघत होते, एकदा मांडीवरच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे, आणि जास्त वेळ कुठे बघावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.