यानाला फटी कशाला

आमच्या अंधेरीच्या चाळीतल्या गणपतीत जे अवकाशयान केलं होतं, त्याच्या हवेच्या फटी मी बुजवल्या. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढेही नाही.

माणूस चंद्रावर उतरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. चंद्रावर उतरणारं यान तोवर गल्लोगल्लीच्या मंडळांनी करून झालं होतं. आपण ताऱ्यांपर्यंत जाणारं करू, असं मी म्हणालो आणि यानाचं बाहेरचं रूप ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचो. बांबूच्या कमानी, त्यांवर तेलाचे डबे कापून सपाट केलेला पत्रा, पत्र्यावर चंदेरी बेगड. शेपटीला इंजिनांची तोंडं म्हणून तळ कापलेली घमेली, आत लाल जिलेटिनचे कागद नि बल्ब. डोक्यावर छत्रीच्या काड्यांची अँटेना. बाजूंना पत्र्याचे पंख, पोटाखाली वाकडे पाय. लांबून पाहिलं की वाटायचं, आता सुटेल.

पण हे सगळं चालवायला आत माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे माझा मित्र. जवळच्या ख्रिस्ती गावठाणातला, लग्नांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. गणपतीत तो आमच्याकडे, नाताळात आम्ही त्याच्याकडे, असं लहानपणापासून होतं. आत बसून तो सायकलचं पॅडल हातानं फिरवायचा की अँटेना फिरायची. शेगडीवर धूप टाकायचा की शेपटीतून धूर निघायचा. आणि शेवटी ट्रम्पेटमधून एक खोल, लांब सूर काढायचा. तो यानाचा भोंगा. पोरं कान झाकून घ्यायची.

पंखाखाली त्यानं स्वतः फटी पाडल्या होत्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या. आतून फळी सरकवली की त्या उघडायच्या. मला त्या डोळ्यांत खुपायच्या. अंतराळात हवाच नसते, मग यानाला फटी कशाला, देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक हसतील, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"मास्तर, परीक्षक बाहेर. आत मी," तो म्हणाला. "मला लागते ना हवा. का नाकाला पंप लावून बसू?"

सगळे हसले, मीही हसलो. फटी राहिल्या.

परीक्षक दुपारी यायचे होते. त्या सकाळी मंडपात कुणी नाही असं बघून मी फटींवर बाहेरून बेगड चिकटवली, खळ लावून, दुहेरी. प्रयोग थोड्या वेळाचा, तेवढ्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणालो. त्याला सांगायचं ठरवलं होतं. तो आत शिरला, आणि मागच्या दाराची कडी नेहमीप्रमाणे मी बाहेरून लावली, नाहीतर ते दार हादऱ्यानं उघडायचं. सांगायला वेळच मिळाला नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं धरून चाललो. वेळ होता.

अँटेना फिरली. धूर निघाला, पण नेहमीपेक्षा कमी. बाकीचा आतच साठत होता. परीक्षकांपैकी एकानं अँटेनाबद्दल काही विचारलं आणि मी समजावत बसलो. मग भोंगा वाजला. सूर मध्येच फाटला. पुन्हा लागला, पुन्हा फाटला, नि पत्र्यावर आतून धपधप सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही देखाव्यातलंच.

मला कळलं होतं. मी यानामागे धावलो. आणि कडी काढायच्या आधी पंखाखाली वाकून बेगड ओरबाडून काढली. तिचा बोळा खिशात टाकला. धपधप चालू होती. मग थांबली. मग मी कडी काढली.

तो वाचला. कोळशाच्या धुरानं छाती कायमची गेली, एवढंच. 'एवढंच' हा मंडळातल्या लोकांचा शब्द. तेव्हा मला तो बरा वाटायचा. इस्पितळात मी त्याच्या शेजारी बसलो होतो, आता विचारेल म्हणून वाट बघत. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फळी नीट सरकवली नाही रे मी. धुरात काही दिसलं नाही. तुझ्या यानाची वाट लावली."

"असू दे," मी म्हणालो. त्याला माफ केल्यासारखं.

पुढे बँडवाल्यांनी त्याला मोठा ढोल दिला. वरातीत तो मागच्या रांगेत चालायचा, चढ आला की थांबायचा. ट्रम्पेट पुतण्याकडे गेलं. नाताळात त्याची बायको तळलेल्या गोड कुलकुलांची बशी माझ्यापुढे ठेवून सांगायची, हा अजून झोपेत फळी सरकवतो, हात असा असा करतो. तो मान खाली घालून हसायचा. मी कुलकुलं खायचो.

माझ्या घरात कुठल्याच दाराला बाहेरून कडी नाही. न्हाणीघरात बायकोच्या हातून बादली आपटली तरी मी दाराशी जाऊन उभा राहतो. काय हो, काय झालं, असं ती आतून विचारते. काही नाही, म्हणतो.

तो आहे अजून. वाकोल्याला मुलीकडे राहतात दोघं. गेल्याच महिन्यात जाऊन आलो, पावसापाण्याचं बोललो, निघालो. बेगड फाडली तेव्हा आतला धूर भसकन माझ्या तोंडावर आला होता, म्हणजे फळी त्यानं पूर्ण सरकवलेली होती. हे फक्त मला ठाऊक आहे. फटी त्यानं उघडल्या होत्या आणि मी बंद केल्या होत्या, हे त्याच्या बायकोसमोर त्याला सांगणं, एवढं देणं मी लागतो.