गोलातलं काम

आमच्या बचत गटात आम्ही बाया कडक भाकरी करून विकतो. मी पीठ मळते. ज्वारीला आधणाचं पाणी किती लागतं ते माझ्या बोटांना कळतं, आणि मळताना कुणाशी बोलावं लागत नाही. म्हणून ती जागा मला प्यारी.

यंदा जिल्ह्याहून एक प्रशिक्षक आला. उभ्या जन्मात त्यानं काठवटीला हात लावला नसेल. त्यानं मोठ्या कागदावर गोल काढले, एकेका गोलात एकेक काम लिहिलं आणि सांगितलं, गटाचा साचा लवचिक पाहिजे, रोज प्रत्येकीनं काम बदलायचं. माझ्या वाट्याला गिऱ्हाइकांचा फोन आला. मळायला अध्यक्षीण बसली. तिनं गार पाणीच ओतलं.

"भाकर तुटायलीय की वं!" थापणारी ओरडली.

"तुटू द्या, शिकण्याचा भाग आहे," असं म्हणून त्यानं फोटो काढला.

भाकरी न्यायला लग्नघरचा टेम्पो दुपारी यायचा होता. भाकरी झाल्या का, हे विचारायला त्यांचा फोन माझ्या मांडीवर वाजत होता आणि माझा उचलायचा धीर होईना. शेवटी फोन खाली ठेवून मी उठले.

"अक्का, सरका. पीठ वाया जायलंय."

"आन् गोलाचं कसं?" अध्यक्षीण घाबरून म्हणाली.

"गोलात सायबाला बसवा. त्यांनी फोन घ्यावा."

बाया फिदीफिदी हसल्या. लवचिकपणा शिकवायला आलेला माणूस तेवढ्यानंच ताठला आणि चहा न घेता गेला.

मी आधणाचं पाणी घेऊन मळायला बसले. टेम्पो येईपर्यंत भाकरी गार करायला त्याच्याच कागदावर पसरल्या. कागद तेवढा चांगला जाड होता.