बसून बघणाऱ्या बायका

बानूबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कलादालन उघडायचं दहाला, पण ऊसतोडीत अंगात मुरलेली वेळ हातातला कोयता सुटला तरी सुटली नव्हती. सोमेश्वरनगरच्या खोलीत भाकरी थापायची, फडक्यात बांधायची, एसटीनं बारामती गाठायची, दालनाची फरशी पुसायची आणि मग निळा कोट घालून दिवसभर उभं राहायचं. कुणी चित्राला हात लावू नये, एवढंच काम. ऐकायला हलकं. पण चालणाऱ्यापेक्षा उभा राहणारा लवकर थकतो, हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आतल्या भिंतीवर नीळकंठ गुरुजींचं एक मोठं चित्र होतं. गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीला उसाच्या फडात येऊन बसायचे. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बायका त्यांनी काढल्या होत्या. पुढच्या बाईचं तोंड मोळीखाली झाकलेलं. दिसायची ती ताणलेली मान आणि फळीला चिकटलेले पाय. ते पाय बानूबाईचे. गुरुजी वारले. आता ही गोष्ट टोळीतल्या जुन्या बायकांनाच ठाऊक होती. दालनात तिनं ती कुणाला सांगितली नाही.

दिवाळीनंतर प्रत्येक चित्रापाशी कॅमेरा बसला. चित्रापुढं किती माणसं थांबतात, किती वेळ थांबतात, ते यंत्र मोजायचं. ज्याच्यापुढं कुणी थांबत नाही ते चित्र गोदामात जाणार आणि तिथं मोठा पडदा लागणार, हात हलवला की रंग उडवणारा.

एक दिवस व्यवस्थापक मिहिर सरांनी तिला संगणकापुढं बोलावलं.

"मावशी, गुरुजींचं चित्र जाणार बहुतेक. त्याच्यापुढं कुणी थांबतच नाही."

"कसं न्हाय? परवा आमच्या टोळीतल्या निरवांगीच्या बायका आल्त्या की. जेवायची सुट्टी होईस्तोवर हालल्या न्हाईत."

सरांनी तो दिवस काढला. चित्रापुढं फरशीवर पाय लांबवून बायका बसलेल्या, आणि मधोमध टोळीतली थोरली कुशाबाई हातवारे करून काहीतरी सांगत होती. कोपऱ्यात आकडा होता शून्य.

सर पडद्याजवळ वाकले. "बसल्यात ना त्या. कॅमेरा कमरेच्या उंचीच्या वरचंच मोजतो. पोरं पळतात, पिशव्या ठेवतात, ते धरू नये म्हणून मीच तसं लावलंय."

"मग खाली लावा."

"लावता येईल. पण मग माणूस की पिशवी, हे ओळखायला यंत्राला चेहरे टिपावे लागतात. ते कॅमेऱ्याच्या कंपनीकडं राहतात. त्या बायकांना विचारल्याशिवाय मी तसं करणार नाही."

सुट्टीच्या दिवशी बानूबाई कोट न घालता आली आणि स्वतःच चित्रापुढं उभी राहिली. दुपारपर्यंत पोटऱ्या भरून आल्या. त्याहून जास्त मनाला लागलं. आपल्याच पायांपुढं उभं राहून गर्दी दाखवायची, म्हणजे मोळीत पाचट कोंबून वजन दाखवायचं. तिनं पुन्हा तसं केलं नाही.

पुढच्या खेपेला निरवांगीच्या बायका आल्या तेव्हा तिनं दारातच कुशाबाईला गाठलं.

"अक्का, तुमची तोंडं मशीनीत ठिवतील म्हणत्यात. चालंल का?"

"कोयत्यानं बोटं झिजली, तर रेशनच्या मशीनीला माझं बोट कळत न्हाय. आन् हितं तोंड बरं कळाया लागलं! कुठं फिरवायचं हाय त्यांना माझं तोंड? न्हाय म्हणून सांग."

"मग उभ्यानं तरी बघा. न्हायतर चित्र उतरवत्यात."

कुशाबाईनं कमरेवर हात ठेवले. "बाने, फडात उभी, फळीवर उभी, रेशनला उभी. बघायला तरी बसू दे की गं. उभ्यानं एसटीची वाट बघायची असती, चित्र न्हाय."

बायका फिदीफिदी हसल्या आणि फरशीवर टेकल्या. बानूबाई उभीच होती. तिला हसू आलं नाही, कारण अक्काचं खोटं नव्हतं.

ती सरांकडं गेली. "सर, बाकड्यावर बसल्यालं माणूस मोजतं का यंत्र?"

सर उठले, स्टूल घेऊन चित्रापुढं बसले आणि हातातला मोबाईल बघितला. आकडा एकानं वाढला होता.

"मोजतं. पण बाकाला पैसे मंजूर व्हायला उन्हाळा जाईल. चित्राचा निर्णय याच महिन्यात आहे."

"पैसं मी देते. परवानगी तुमी आणा."

"मावशी, हे तुमचं काम नाही."

ती हलली नाही, तेव्हा सर टेबलाशी गेले आणि परवानगीचा अर्ज लिहू लागले.

महिनाअखेरीला कुशाबाईची टोळी पुन्हा आली आणि नव्या बाकड्यावर ऐसपैस बसली. यंत्रानं सगळ्या धरल्या. चित्र राहिलं. निदान पुढच्या मोजणीपर्यंत. बाकड्याच्या कडेला भिंतीला पाठ न टेकता बानूबाई उभी होती.

हिवाळाभर उभं राहून साठवलेल्या तिच्या पगारातून इंदापूर रस्त्यावरच्या सुताराकडून ते बाभळीचं बाकडं आलं होतं. निळा कोट घातलेल्या माणसानं त्यावर बसायचं नाही, असा दालनाचा नियम होता.