मी न फुंकलेला शंख

गावातली माणसं बत्तीसच्या बत्तीस दात घेऊन तंबाखू चघळत हिंडतात, आणि देवीनं नेमका माझाच समोरचा दात का न्यावा, हा प्रश्न त्या वर्षी मी तिला रोज विचारत होतो. दोन हजार पाचचं साल असेल. कळंब्याच्या वाटेवर आमच्या गल्लीत देवीचं छोटं देऊळ आहे. तिथल्या सकाळच्या आरतीला शंख फुंकायची सेवा तेव्हा वीस वर्षं माझ्याकडे होती. लुनावरून पडलो, वरचा दात गेला आणि शंखातून नुसती हवा येऊ लागली. काढता-घालता येणारा दात बसवून पाहिला, तर पहिल्याच आरतीला तो सुटून निरांजनाच्या ताटात जाऊन पडला. लोक हसले. मीही हसलो, पण घरी येऊन रडलो, हे आता लपवत नाही.

मग राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी इम्प्लांट सुचवलं. हाडात स्क्रू बसवायचा, हाडानं तो घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग त्यावर कायमचा दात. मला भीती दुखण्याची होती, पण सुई टोचली तेवढीच कळली. नंतर ड्रिलची घरघर डोक्यात घुमत राहिली आणि मी खुर्चीचा हात आवळून देवीचं नाव घेत बसलो. हिरडीला टाके घातले आणि दिसायला म्हणून एक तात्पुरता दात शेजारच्या दातांना चिकटवून दिला. बधिरपणा उतरल्यावर ठणका लागला, तो गोळीनं आवरला. तिसऱ्या दिवशी ओठ असा सुजला की मी आरशापुढे जायचंच टाळलं. वरून बर्फ, पोटात गार ताक आणि मऊ भात. तंबाखू-मिश्री बंद, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉनं ओढायचं नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं. स्क्रू हलला तर सगळं पहिल्यापासून, असंही म्हणाल्या. शंखाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी घटस्थापना होती. घटस्थापनेला शंख वाजणारच, असं मी पूजा करणाऱ्या गुरवकाकूंना सांगून बसलो होतो. ते चार दिवस मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. शंख पुसायचा, ठेवायचा, पुन्हा काढायचा. जीभ सारखी टाक्यांकडे जायची. बायको म्हणाली, "अहो, बसा की जरा गप." पण माझ्यावाचून घटस्थापनेची आरती पार पडली तर, या विचारानं मला बसवत नव्हतं. दात गेल्याचं दुःखही त्यापुढे काही नव्हतं.

त्या सकाळी आरतीचं ताट उचललं गेलं आणि मी शंख ओठांशी नेला. ओठ ताणल्याबरोबर टाक्यांत कळ आली. तरी मी श्वास भरून घेतला. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. मंडळानं मिरवणुकीला बिद्रीकडचा बँड बोलावला होता, त्यातला एक पिकल्या दाढीचा माणूस माझ्या सुजलेल्या ओठाकडे बघत होता.

"पावणं, टाकं हायती न्हवं तोंडात? फुकू नगा."

"तुम्हाला काय कळतंय?" मी चिडून म्हणालो.

"ट्रम्पेट वाजवतो की मी. दात काढला आन दुसऱ्याच दिवशी वरातीत गेलतो. जखम उघडी पडली. महिनाभर वाद्याला तोंड लावाय आलं न्हाय."

मी शंख ओठांपासून खाली घेतला. आरती थांबली होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. त्याचं नाव इस्माईल, हे शर्टाच्या खिशावर शिवलेलं दिसत होतं, त्यामुळे शंख त्याला द्यावा की नको, हे कुणालाच सुचेना. गुरवकाकूच ओरडल्या, "बघत काय उभं ऱ्हायलाय? द्या की त्येंच्याकडं! देवी खोळंबलीय."

मी शंख धुऊन त्याच्या हातात दिला. त्यानं चपला आधीच काढल्या होत्या. डोळे मिटून त्यानं फुंकला आणि तो नाद इतका लांब गेला की रस्त्यावरच्या सायकली थांबल्या. वीस वर्षं आरतीत मला माझाच श्वास ऐकू येत होता. घंटा, टाळ, मागे बायकांचे बारीक आवाज, हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझे हात रिकामे होते, म्हणून ते जोडले गेले.

टाके काढताना मी बाईंना सगळं कबूल केलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "काका, फुंकला असता तर मला हिरडी पुन्हा उघडावी लागली असती." चार महिन्यांनी हाडानं स्क्रू पक्का धरला, वर दात बसला आणि पहिल्या शंखाला माझे डोळे भरून आले.

त्या माणसाला कुणी धाडलं, याचा खल मी करत नाही. तो बँडवाला होता, बँडबरोबर आला होता. आजही सेवा माझ्याकडेच आहे. फक्त घटस्थापनेला मी शंख धुऊन दुसऱ्या कुणाच्या हातात देतो आणि मागे उभा राहून आरती ऐकतो.