दिसायला रिकामी ओळ

साळवे सरांशी माझी ओळख नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, नगरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. ते आमचे प्रोजेक्ट गाइड. माझा जोडीदार अकोले तालुक्यातला विलास. आमच्या प्रोग्रामची एक ओळही आपण स्वतः टाइप करणार नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि मग चहा पाजला.

आमचा सी भाषेतला प्रोग्राम दूरच्या सर्व्हरकडून वेबपान मागवत असे. सर्व्हर आधी हेडर, म्हणजे पानाविषयीची माहिती पाठवतो. मग एक रिकामी ओळ, मग पान. ती ओळ ओळखून पुढचे सगळे फाइलमध्ये लिहायचे होते. लॅबमध्ये आम्हीच टाइप केलेल्या नमुन्यावर ते बिनचूक चाले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मोडेमवरून खरा सर्व्हर जोडला. हेडर आले, रिकामी ओळ आली, फाइल मात्र कोरीच. पुन्हा चालवले, पुन्हा तेच. पानासाठी मुहूर्त काढायचा का, असे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले. विलासला पुण्यात नोकरी ठरली होती, ती या निकालावर अवलंबून होती.

सरांनी परीक्षकांकडे थोडा वेळ मागून घेतला. चूक त्यांना दिसली असावी, असे मला आजही वाटते. पण ते खुर्चीतून उठले नाहीत.

“सर, लाइन तर मोकळीच हाय की,” विलास म्हणाला.

“दिसते मोकळी. तू तपासलीस का?”

विलासने त्या ओळीतल्या प्रत्येक चिन्हाचा संगणकातला आकडा पडद्यावर छापला. दहाच्या आधी तेरा निघाला. दहा म्हणजे ओळ संपल्याची खूण; तेरा हे पडद्यावर न दिसणारे जादा चिन्ह, आमच्या नमुन्यात नसलेले. आमचा प्रोग्राम नुसता दहा शोधत होता. विलासने अट बदलली. तेवढ्यात फोनची लाइन तुटली. ती परत जोडली. मग पान आले.

तुम्ही लगेच का सांगितले नाहीत, असे मी नंतर सरांना विचारले. ते म्हणाले, “पुण्यात त्याच्या शेजारी मी नसणार.”

विलासने ती नोकरी निभावली, पुढे मोठ्या पदावर गेला. मागच्या वर्षी आजारपणात तो वारला. सर एसटीने त्याच्या गावी गेले. त्याच्या आईने अन्न सोडले होते. त्या दोन घास खाईपर्यंत सर तिथून हलले नाहीत.

सरांच्या या गौरवग्रंथासाठी लेख विलासच लिहिणार होता. सरांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. विलासला जी वर्षे मिळाली नाहीत, ती सरांच्या वाट्याला येवोत, आणि निरोगी येवोत.